टीव्हीखालच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड कशाला?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत होम थिएटरसाठी कॉम्प्युटर कसा निवडावा यावर लेख आला, विषय घेतलात ते फार बरं केलंत. पण मोठं ग्राफिक्स कार्ड घ्या, भारी प्रोसेसर घ्या, ३२ जीबी रॅम टाका हा त्यातला सल्ला मला अजिबात पटला नाही. दुकानात गेलं तरी हेच ऐकवतात. आत्ताच माझ्या मेव्हण्याला एका दुकानात असंच गेमिंग मशीनचं कोटेशन हातात दिलं, आणि त्याला बघायचेत फक्त सिनेमे नि घरच्या जुन्या डीव्हीडी, गेम तो खेळतच नाही!

अहो, सिनेमा दाखवायला ताकद नाही, डीकोडर लागतो, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणारा चिपमधला भाग. एचईव्हीसी १०-बिट, व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ साठवायचे तिन्ही फॉरमॅट चिपमधल्या हार्डवेअरनेच उलगडले पाहिजेत, मग सीपीयूला काही काम उरत नाही. इंटेलचा एन१०० प्रोसेसर बघा, २०२३ साली आलेला, चार कोअरचा, टीडीपी (ढोबळमानाने उष्णतेचा नि विजेचा आकडा) फक्त ६ वॅट, आणि फोर-के सिनेमा आरामात चालवतो. त्याला ८ जीबी रॅम आणि सिस्टीमपुरती छोटी एसएसडी बास झाली. रास्पबेरी पाय ५ हा छोटासा कॉम्प्युटर पण चालेल, एचईव्हीसी तो हार्डवेअरवर चालवतो, एच.२६४ हा जुना फॉरमॅट मात्र सीपीयूवर आणि एव्ही१ साठी त्यात हार्डवेअर नाही, हे माहीत असूद्या. दुसरा मुद्दा आवाजाचा. रात्री घर झोपलेलं असतं, आपण व्हॉल्यूम कमी ठेवून बघतो आणि तेवढ्यात फॅन घरघरायला लागला की पडद्यावरची कुजबूज ऐकूच येत नाही, म्हणून शक्यतो फॅन नसलेलंच मशीन घ्या आणि सिनेमांची मोठी हार्ड डिस्क दुसऱ्या खोलीत ठेवून लॅन वायरने जोडा. भिंती आड आल्या की वायफायचा भरवसा नाही, आणि फोर-के ब्ल्यू-रेचा डेटा सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जाऊ शकतो.

पण लेखात जे राहूनच गेलं आणि ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलोय, ते म्हणजे रिफ्रेश रेट, टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवतो तो आकडा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, कॉम्प्युटर टीव्हीला देतो ६० हर्ट्झ, मग एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा अशी दाखवावी लागते, आणि कॅमेरा डोंगररांगेवरून हळूहळू फिरतो तेव्हा चित्र बारीक बारीक हिसके देतं. आपल्याकडचा जुना ऐवज तर आणखी वेगळा. भारतात टीव्हीची पॅल पद्धत होती, त्यामुळे दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेल्या मालिका, नाटकांच्या व्हीसीडी, २००० नंतरच्या दशकातल्या लग्नाच्या डीव्हीडी, हे सगळं २५ फ्रेमचं. २५ चं ६० मध्ये गणित बसतच नाही, ५० हर्ट्झवर मात्र प्रत्येक फ्रेम बरोब्बर दोनदा येते. सिनेमे चालवायचं कोडी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर सेटिंगमध्ये प्लेयर, मग व्हिडिओज, तिथे ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हे ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ वर ठेवा, मग जसा व्हिडिओ तसा टीव्हीचा रेट आपोआप बदलतो. एवढ्या एका सेटिंगने जो फरक पडतो तो कुठलंही महाग कार्ड घेऊन पडणार नाही.

लग्नाच्या डीव्हीडीचं अजून एक आहे. ते शूटिंग बहुतेक वेळा इंटरलेस्ड असतं, म्हणजे एक आड एक ओळींचे सेकंदाला ५० अर्धे फोटो. ते तसेच जोडून दाखवले की मंगलाष्टकं संपताना अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात आणि लोक म्हणतात डीव्हीडी खराब झाली. डीव्हीडी बऱ्याचदा चांगली असते, फक्त प्लेयरमध्ये डीइंटरलेस, म्हणजे त्या अर्ध्या फोटोंची नीट पूर्ण चित्रं करणं, चालू करायचं असतं. आणि घरी राइट केलेल्या डिस्क वर्षानुवर्षं टिकतीलच असं नाही, म्हणून वाचता येतायत तोवर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, उगाच कॉम्प्रेस करू नका.

बाकी दोन गोष्टी पटकन सांगतो. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधारातलं सगळं गिळलं जात असेल तर कॉम्प्युटर आणि टीव्ही दोघांची आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची व्याप्ती) जुळतेय का बघा, फुल तर दोन्हीकडे फुल, लिमिटेड तर दोन्हीकडे लिमिटेड. आणि टीव्हीच्या रिमोटनेच सगळं चालवायचं असेल तर बहुतेक पीसींच्या एचडीएमआयला सीईसी (टीव्हीच्या रिमोटचे हुकूम वायरीतून पोचवायची सोय) नसतं, रास्पबेरी पायला असतं, त्यामुळे पीसी घेतलात तर सीईसीचा यूएसबी अ‍ॅडॉप्टर किंवा वेगळा रिमोट लागेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात माऊस-कीबोर्ड देऊन चालत नाही, आणि त्या जुन्या डीव्हीडी सगळ्यात जास्त त्यांनाच बघायच्या असतात.

ओटीटीसाठी टीव्हीतलं अ‍ॅपच वापरा, लिनक्स टाकलेल्या अशा कॉम्प्युटरवर ओटीटीचं फोर-के सहसा मिळत नाही.

तर विनंती अशी की पुढच्या पुरवणीत हार्डवेअरच्या किमतींचा तक्ता छापण्याऐवजी ही रिफ्रेश रेटची आणि डीइंटरलेसची सेटिंग्ज स्क्रीनच्या फोटोंसकट मराठीत छापा, लोक कात्रण काढून टीव्हीजवळ ठेवतील.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक