सूरजागडच्या ठाकूरदेवाबद्दल थोडं

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात गडचिरोली आता स्टील हब होणार अशी मोठी बातमी आली, फोटो पण मोठा होता, पण त्यात सूरजागडचा डोंगर म्हणजे लोखंडाचा साठा एवढंच आलं, तिथं माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे हे एका ओळीत सुद्धा नाही, म्हणून लिहायला बसलो. आमच्या मेढ्याच्या एसटी स्टँडवर चहा पिताना हा विषय निघाला तर एकजण म्हणाला, अहो देवाचं काय, दुसरीकडं नवीन देऊळ बांधून देतील की. तिथं मी काही बोललो नाही, पण ते वाक्य डोक्यातनं जाईना.

कारण आमच्या घरात हे झालंय. कोयनेचं धरण झालं तेव्हा आजीचं गाव पाण्यात गेलं. गाव उठताना आजोबांनी वाघजाईचा तांदळा, म्हणजे देवीचा दगड, पाटीत पेंढा घालून त्यावर ठेवला आणि आजी ती पाटी मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसली, वसाहतीत पोचेपर्यंत कुठं खाली टेकू दिली नाही असं सांगायची. आता वसाहतीत देऊळ चांगलं आहे, फरशी आहे, नवरात्रात मांडव पडतो. पण आजी कौल लावताना शेवटपर्यंत तोंड कोयनेकडं करून बसायची. म्हणायची, दगड आणला रं, पण राई कुठं आणली, झरा कुठं आणला?

आणि आमचा निदान दगड तरी उचलता आला. सूरजागडची माणसं सांगतात की डोंगर हाच देव, मग तो कुठल्या पाटीत घालायचा? दर जानेवारीत तिथं यात्रा भरते, इलाख्यातल्या सत्तरेक गावांची माणसं येतात. त्याच डोंगरावर 2007 साली जवळपास 348 हेक्टरचा पट्टा खाणीला दिला, आणि 2023 मध्ये वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांपर्यंत खोदायला परवानगी मिळाली. त्याच्या आधीची जनसुनावणी ठेवली गडचिरोलीला, सूरजागड ज्या तालुक्यात येतं त्या एटापल्लीपासून शंभराच्या वर किलोमीटर. ज्याच्या दारातला डोंगर जाणार त्यानं मजुरी बुडवून, गाडीभाडं घालून आपलं म्हणणं मांडायला तिथवर जायचं, हे मला पटत नाही. धरणग्रस्त म्हणून कचेरीचे हेलपाटे काय असतात ते आमच्या तीन पिढ्यांना माहीत आहे.

विचारायची नीट पद्धत आपल्याच देशात झालेली आहे. ओडिशात नियमगिरीचा डोंगर डोंगरिया कोंध आदिवासी आपल्या नियमराजा देवाचा म्हणून मानतात, तिथलं बॉक्साईट वेदांता कंपनीच्या कारखान्यासाठी काढायचं होतं. 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तिथल्या लोकांच्या धार्मिक हक्काचा विचार ग्रामसभेनं करायचा, सभेवर जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा माणूस निरीक्षक म्हणून बसवला, आणि सभा झाल्या त्या डोंगरातल्या गावातच. 12 गावात सभा झाल्या आणि 12 च्या 12 नाही म्हणाल्या. पुढच्या वर्षी केंद्र सरकारनं परवानगी नाकारली. मग आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा, 2006 चा वनहक्क कायदा आपल्या गडचिरोलीला लागू असताना तिथं गावात बसून असं का विचारलं जात नाही?

मला माहीत आहे की तिथल्या पोरांना काम पाहिजे. काहींना लागलंय पण, आणि त्यांना नावं ठेवणारा मी कोण, आमच्या जावळीतली निम्मी पोरं मुंबईला आहेत. पण नोकरी दिली म्हणून देवाबद्दल बोलायचं नाही असा करार कुणी केलेला नाही.

त्याच जिल्ह्यात मेंढा म्हणून गाव आहे, आमच्या मेढ्यासारखंच नाव. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली, आणि 2009 ला जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांनी मिळवला. ही घोषणा वाचून सातारकराला क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आठवल्याशिवाय राहणार नाही. आपण त्याचा अभिमान सांगतो, मग हे लोक तेच म्हणतात तेव्हा आपल्याला विकासाच्या आड येणारे का वाटतात?

साहेब, एकच विनंती आहे. येत्या जानेवारीत यात्रा भरेल तेव्हा तुमचा एक बातमीदार तिथं पाठवा, कंपनीच्या गाडीतनं नको, एसटीनं जाऊ दे, दोन रात्री राहू दे, म्हाताऱ्या बायकांशी बोलू दे, आणि त्या जे सांगतील ते जसंच्या तसं छापा. जागा कमी पडली तर माझं हे पत्र नाही छापलं तरी चालेल.

आपला,
एक वाचक (कोयना धरणग्रस्त कुटुंबातला)
मेढा, ता. जावळी, जि. सातारा