चि. रेवास, निघण्यापूर्वी

वाई, मंगळवार रात्र

चि. रेवा हिस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी तू फोनवर हवेबद्दल बोललीस, सरांनी प्रबंधाचे दुसरे प्रकरण तपासून परत दिल्याचे सांगितलेस, बाजारात चेरी आल्याचेही सांगितलेस, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांधलेल्या पट्टीविषयी मात्र अवाक्षर काढले नाहीस. ती पट्टी मला अनिशच्या फोनमधल्या फोटोत दिसली. त्याच्यावर रागावू नकोस. मला ठाऊक असेल असे समजूनच त्याने तो दाखवला. त्यानंतर मी तुला जे बोलले, ‘ती सायकल विकून टाक आणि अभ्यासाला गेली आहेस तो कर’, ते मी बोलायला नको होते. तू न बोलता फोन ठेवलास ते योग्यच केलेस. शुक्रवारी तू पाच दिवसांसाठी एकटी निघणार, टपालाने हे पत्र त्याआधी पोहोचणार नाही, म्हणून हाताने लिहून पानांचे फोटो पाठवते आहे. फोनवर तुझे ‘हो आई, हो आई’ सुरू झाले की माझे वाक्य पुरे होत नाही.

उताराविषयी या पत्रात काहीही लिहायचे नाही, असे मी ठरवून बसले आहे.

दिवाळीत तू विसरून गेलेला मिशेलिनचा नकाशा दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे आणि बाबा ताट मांडीवर घेऊन जेवत आहेत. एकतीस वर्षे मुलांना समोच्च रेषा शिकवल्या, पण रस्त्यावर चढाचे बाण काढलेला नकाशा मी पहिल्यांदा तुझ्याकडेच पाहिला. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन बाण म्हणजे ९ ते १३ टक्के, तीन बाण म्हणजे त्याहूनही अधिक, आणि बाणाचे टोक नेहमी चढाच्या दिशेला, हे तूच मला समजावून सांगितलेस. फ्रान्समधल्या तुझ्या क्लेर्मों-फेराँपासून मों-दोर, तिथून म्यूरा, म्यूराहून दिएन गावावरून पा द पेयरोलची खिंड आणि पलीकडे सालेर, असा तुझा सारा रस्ता मी पेन्सिलीने हलकेच गिरवला आहे. तू नकाशावर बोट ठेवून चढ मोजतेस. मी तेच बाण टोकाकडून शेपटीकडे वाचते, कारण चढून गेलेल्या माणसाला कुठेतरी उतरावे लागते.

हे पाहा, ठरवूनही मी तिथेच आले.

मग आधी जे सांगायचे होते ते सांगते. गेल्या वर्षी तू पहिल्यांदा एकटी साठ किलोमीटर गेलीस आणि पाणी संपल्यावर एका खेड्याच्या दफनभूमीतल्या नळावर बाटली भरून घेतलीस, तो प्रसंग मी शाळेतल्या सगळ्या जुन्या मैत्रिणींना सांगितला आहे. फुलांना पाणी घालण्यासाठी तिथे नळ असतो, सायकलवाल्यांना तो ठाऊक असतो, आणि पाणी पिण्याचे नाही अशी पाटी नाही ना हे आधी पाहून घ्यायचे असते, हे तू इतक्या सहज सांगितलेस की जणू तू तिथेच वाढलीस. सोमवारी गावातली पावाची दुकाने बहुधा बंद असतात म्हणून रविवारीच पाव घेऊन ठेवायचा, बारा ते दोन सगळे गाव जेवायला जाते म्हणून त्याआधी खरेदी उरकायची, हे तुला कोणी शिकवले नाही. ज्या मुलीला मी दहावीपर्यंत डबा भरून दिला, ती परक्या मुलखात भुकेचा आणि तहानेचा हिशेब स्वतः ठेवते, याचा मला किती अभिमान वाटतो ते मी तुला कधी नीट सांगितलेले नाही. काँतालचा सारा डोंगर म्हणजे झिजलेला एक प्रचंड ज्वालामुखी आहे आणि तुला त्याच्या अंगावरून स्वतःच्या पायांच्या बळावर जायचे आहे, हेही मला कळते. आपल्या घाटावरच्या देवळांचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आणि तिथल्या कॅथीड्रलचा काळा दगडही लाव्ह्याचाच, हे तू पहिल्या आठवड्यात कळवलेस, तेव्हा तू तिथे रमशील अशी माझी खात्री पटली.

आता ब्रेकविषयी लिहिते. तो उतार नव्हे, यंत्र आहे. तू पडलीस ती वेगाने नव्हे, सवयीने पडलीस, असे अनिशने तुझ्याच शब्दांत सांगितले. आपल्याकडच्या सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताशी असतो, तिकडच्या सायकलींना डाव्या. वर्षभर सपाटीवर हा फरक जाणवला नाही, पण वळणावर बारीक खडी दिसताच तुझ्या हाताने इथली सवय उचलली आणि मागचा म्हणून पुढचा ब्रेक करकचून दाबला. अगं, मग तारा बदलून का घेत नाहीस? तुझ्या सायकलीला तारेचेच ब्रेक आहेत. कोणताही सायकलवाला डाव्या तारेचे काम उजव्या दांडीला जोडून देईल. आणि नवी खडी टाकलेल्या रस्त्यावर तिकडे पाटी लावतात, तर ती पाटी दिसली की वळण येण्याची वाट न पाहता तिथेच वेग कमी करायचा, ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात सोडायचा, सतत धरून ठेवायचा नाही, कारण रिम तापते आणि ब्रेकचे रबर पकड सोडते. संधिप्रकाशात पिवळे जाकीट घालायचे. गावाबाहेर अंधारात तो तिथला कायदाच आहे. मोटारीने बाहेरच्या रस्त्यावर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवावे असाही कायदा आहे, पण अरुंद वळणावर समोरच्याला तो आठवेलच असे धरून चालू नकोस. ११२ हा नंबर जसा आपल्याकडे चालतो तसाच तिथेही चालतो, पण खोऱ्यात फोनला रेंज नसेल तर नंबराचा काय उपयोग?

पुन्हा मी वर्गात उभी राहून बोलल्यासारखी बोलते आहे. यातले बहुतेक सारे तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. क्षमा कर. मागचे पान फाडून टाकावे असे वाटले होते, पण तारांचे तेवढे खरोखर कर.

तुला २०२४च्या जुलैतली ती संध्याकाळ आठवत असेल. टूर द फ्रान्सचा तो अकरावा टप्पा, २११ किलोमीटरचा, याच पा द पेयरोलवरून गेला होता आणि आपण तिघे चहा निववत टीव्हीसमोर बसलो होतो. माथ्याच्या थोडे अलीकडे पोगाचार सुटला तेव्हा तू उडी मारलीस, आणि शेवटी ले लिओराँला व्हिंगेगोने त्याला गाठून हरवले तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र माथ्यानंतर स्वयंपाकघरात गेले होते. कुकर लावायचा होता असे मी तेव्हा म्हटले. कुकर आधीच लावलेला होता. ते खाली झेपावताना मला पाहवत नव्हते.

त्याचे कारण तुला अर्धेच ठाऊक आहे. मामाच्या पायाचे काय झाले ते तू लहानपणापासून पाहते आहेस आणि तो पसरणी घाटात पडला एवढे घरात सांगितलेले आहे. आम्ही १९८४च्या मे महिन्यात तासाच्या भाड्याच्या दोन सायकली घेऊन पाचगणीला गेलो होतो. निम्मा घाट चालवत, निम्मा हाताने ढकलत. वर पोहोचल्यावर दादाने मला कैरीची फोड मीठ लावून दिली आणि म्हणाला, सावकाश जाऊ, ऊन उतरू दे. ‘वाईत आधी कोण पोहोचतो ते पाहू’ हे मी म्हटले, रेवा. तो नव्हे, मी. सायकलींना लोखंडी दांड्यांचे ब्रेक होते. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मला जळलेल्या रबराचा वास आला, आणि तो माझ्या सायकलीचा नव्हता. मी वळण घेऊन पुढे आले तेव्हा त्याची सायकल कठड्याला टेकून उभी असल्यासारखी दिसत होती, पुढचे चाक अजून फिरत होते, आणि तो दिसत नव्हता. चाक थांबेपर्यंत मी त्या चाकाकडेच पाहत राहिले. आईने जाईपर्यंत मला एका शब्दाने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. दादाला अर्थातच ठाऊक आहे. तू सायकल घेतलीस तेव्हा पैसे पाठवणारा पहिला माणूस तोच होता.

हे तुला अडवण्यासाठी लिहिलेले नाही. तुला अडवावे असे मला वाटत नाही, निदान दिवसा वाटत नाही.

तुझ्या टेबलावर फोटो असतो त्या वेलोसिओविषयी मी वाचले. सँ-एतिएनच्या त्या गृहस्थाने, पॉल द व्हीव्ही हे त्याचे खरे नाव, गिअरच्या सायकलीचा पुरस्कार केला आणि भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, केवळ ऐटीसाठी पेडल मारू नका असे नियम घालून दिले. सारा जन्म डोंगरातून सायकल चालवणारा माणूस शहाऐंशी नाही तर नव्वदीपर्यंत जगला असेल अशा आशेने मी पुढे वाचत गेले, आणि १९३० साली सत्त्याहत्तराव्या वर्षात, स्वतःच्याच गावात, सायकल हातात धरून चालत असताना ट्रामची धडक बसून तो गेला असे वाचायला मिळाले. धीर यावा म्हणून वाचायला घेतले होते.

म्हणून आता मी एकच मागणे मागते, आणि ते नकाशा पाहूनच मागते. तू दिएनच्या बाजूने चढून खिंडीच्या पलीकडे, सालेरकडच्या फाल्गू गावाच्या बाजूला उतरणार आहेस. माथ्यालगतची खरी तीव्र चढण त्याच बाजूला आहे. टूरमध्ये ते लोक तिकडूनच चढले होते, सव्वापाच-साडेपाच किलोमीटर, सरासरी आठ टक्क्यांहून अधिक, आणि शेवटचे दोन किलोमीटर तर दहाच्याही वर. जिथे ते चढताना जवळजवळ थांबले, तिथून तू उतरणार. तेच उलट कर. क्लेर्मोंहून ऑरियाकला जाणारी रेल्वे म्यूरा आणि ले लिओराँवरूनच जाते, तिच्यात सायकल घेता येते, तर आधी ऑरियाकला जा आणि पेडल मारत घराकडे परत ये. सालेरला मुक्काम कर. लांब शिंगांच्या तांबड्या गाई पाहायच्या आहेत असे तू म्हणत होतीस, त्या तिथेच आहेत. सकाळी ताज्या पायांनी फाल्गूची ती चढण चढ, हवे तर चालत ढकल, माथ्यावर १५८९ मीटरच्या पाटीजवळ फोटो काढ (आपले कळसूबाई त्याहून जेमतेम साठ मीटरने उंच), आणि मग दिएनच्या खोऱ्यात उतर. सुरुवातीला तोही उतारच आहे, पण थोड्याच वेळात खोरे रुंद होते आणि रस्ता सौम्य होतो. दुपारी तिकडे गडगडाटी पाऊस येतो असे तूच सांगतेस, म्हणून बाराच्या आत माथा सोड. अंतर तेवढेच, डोंगर तोच. मी बाण तीन वेळा मोजले आहेत.

नाहीच जमले तर ठरवले आहेस तसेच जा, मी पुन्हा विषय काढणार नाही.

पट्टी सोडल्यावर जखमेला हवा लागू दे. बाबांनी तुझ्या खात्यावर थोडे पैसे टाकले आहेत. ते तारांसाठी आहेत, सांगायचे नाही असे मला बजावले आहे. दिएनला पोहोचलीस की दोन शब्द पाठव. तिथे दुपारचे दोन वाजलेले असतील तर इथे साडेपाच होतील. दादा त्या दिवशी चहाला इकडेच येणार आहे.

तुझी,
आई