आजोबा इटलीत कशाला गेले होते?

भायखळा, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. शेवटच्या चार ओळी आता पाठ झाल्यात. ‘आजोबा दोन वर्षं इटलीत होते. ते तिथे कशाला गेले होते, हे मला कुणी नीट सांगितलं नाही, त्यांनीही नाही. आता वेळच वेळ आहे. दुसऱ्या महायुद्धावर एकच चांगलं पुस्तक सांग, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढतो.’

आजोबा मला चांगले आठवतात. मे महिन्याच्या सुट्टीत मी महाडला यायचो तेव्हा ते ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलेले असायचे. पावसाळ्याच्या तोंडाशी गुडघे दुखायला लागले की म्हणायचे, ‘तिकडचा चिखल अजून अंगातून गेला नाही.’ एवढंच. त्या ‘तिकडे’मध्ये किती काय होतं, हे आपल्याला तेव्हा विचारायचं सुचलं नाही, याची मला आज फार हळहळ वाटते. म्हणून तुझं काम मी मनावर घेतलं. गेले तीन रविवार किंग्ज सर्कलच्या आणि फोर्टातल्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे उभा होतो, एक दिवस दादरच्या ग्रंथसंग्रहालयात काढला. काय घ्यायचं ते शेवटी सांगतोच. पण त्याआधी मी पुस्तकं कशी पारखली ते सांगू दे, कारण उद्या तुझ्या हाती दुसरंच एखादं पुस्तक आलं तर तुलाही ते पारखता आलं पाहिजे.

पुस्तक हातात आलं की मी ते मागून उघडतो. सूचीत ‘इटली’ शोधतो आणि जून १९४४ नंतरची किती पानं तिथे दिलीत ते बघतो. दोस्त सैन्य ४ जून १९४४ ला रोममध्ये शिरलं. दोनच दिवसांनी, ६ जूनला, फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या आणि सगळ्या जगाची नजर तिकडे वळली. वर्तमानपत्रांची वळली, मागाहून इतिहास लिहिणाऱ्यांचीही वळली. बहुतेक पुस्तकांत रोम पडलं की इटली संपते. प्रत्यक्षात तिथली लढाई २ मे १९४५ पर्यंत, म्हणजे आणखी जवळजवळ अकरा महिने चालली.

माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते नाईक यशवंत घाडगे आठव. एस. टी. तून जाताना आपण लहानपणी खिडकीतून नमस्कार करायचो. ते १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. रोम घेऊन तेव्हा महिना उलटला होता. नामदेव जाधवांनी सेनिओ नदीच्या काठावरून जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणलं आणि शत्रूची ठाणी बंद पाडली, ती तारीख ९ एप्रिल १९४५. त्या युद्धात मराठा पलटणींना मिळालेले दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश राजवटीतलं शौर्याचं सर्वोच्च पदक, असे नजर वळल्यानंतरच्या दिवसांतले आहेत. ते दिवस ज्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेत, ते तुझ्या आजोबांच्या चिखलापर्यंत तुला नेणार नाही.

आता तू म्हणशील, सगळ्या जगाच्या युद्धाच्या पुस्तकात एका आघाडीला किती जागा द्यायची? बरोबर आहे. मला पानांची मोजदाद करायची नाही. एका ठिकाणच्या गोष्टीचा दुसऱ्या ठिकाणच्या गोष्टीशी धागा लेखकाला जुळवता येतो का, हे मला बघायचं असतं. लढायांमागून लढाया सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. स्टालिनग्राड, अल अलामीन, मिडवे, सगळं असतं, पण प्रत्येक प्रकरण आपापल्या खोलीत दार लावून बसलेलं. ‘आजोबा इटलीत कशाला गेले?’ या प्रश्नाचं उत्तर त्या खोल्यांच्या मधल्या दारांत आहे.

थोडक्यात उत्तर असं. आपल्या हिंदी फौजेच्या डिव्हिजन, म्हणजे हजारो शिपायांच्या मोठ्या तुकड्या, १९४० पासून आफ्रिकेत आणि पुढे इराक-इराणकडे तेल आणि रस्ते राखायला गेलेल्या होत्याच. मे १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियात जर्मन-इटालियन फौजा शरण आल्या. एवढं मोठं सैन्य भूमध्य समुद्राच्या काठावर मोकळं झालं आणि फ्रान्समध्ये उतरायची तयारी अजून झालेली नव्हती. मग जुलैत सिसिली, सप्टेंबरात इटली. आठवी हिंदी डिव्हिजन त्याच सप्टेंबरात दक्षिण इटलीतल्या टारांटो बंदरात उतरली. पुढच्या वर्षी दक्षिण फ्रान्समध्ये उतरण्यासाठी इटलीतल्या सात अमेरिकन आणि फ्रेंच डिव्हिजन काढून घेतल्या. मागे राहिले ब्रिटिश, अमेरिकनांचा उरलेला भाग, पोलिश, कॅनडाचे, न्यूझीलंडचे, ब्राझीलचे आणि आपले लोक. समोर डोंगर, प्रत्येक दरीत नदी, नदीपलीकडे खणून बसलेले जर्मन आणि वर हिवाळ्याचा पाऊस. चिखल तिथला.

मी तीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क होतो. बोटीतून किती नग उतरले, किती शेडमध्ये गेले, किती फुटले, हे लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे युद्धाच्या पुस्तकात मी नेहमी जहाजं शोधतो. रणगाडा रणांगणावर दिसतो, पण तो तिथे कुठल्या बोटीने, किती दिवसांत आला आणि त्याच्यासाठी बोटीतून काय खाली ठेवावं लागलं, हे ज्या लेखकाने विचारलंय त्याला युद्ध कळलंय असं मला वाटतं. इटली १९४० मध्ये युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्र मालवाहू बोटींना जवळजवळ बंद झाला. इंग्लंडहून आपल्याकडे यायचं तर आफ्रिकेला वळसा. ट्युनिशिया आणि सिसिली हातात आल्यावर सुएझची वाट पुन्हा उघडली आणि वळशात अडकणाऱ्या कितीतरी बोटी मोकळ्या झाल्या. आजोबांच्या लढाईचा एक मोठा फायदा हाच होता.

आणि त्याच वाटेने ‘फोर्ट स्टिकिन’ मुंबईला आलं. गोदीतल्या आमच्या पिढीला हे नाव जुन्या कामगारांकडून ऐकून माहीत. कॅनडात बांधलेली ही बोट २४ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाली, भूमध्य समुद्रातून सुएझ, तिथून कराची, आणि एप्रिलच्या १२ तारखेला मुंबईत. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, सोन्याच्या विटा, आणि कराचीत वर भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. स्फोटकं आणि कापूस एका बोटीत! माझ्या नोकरीत असं मॅनिफेस्ट, म्हणजे मालाची यादी, समोर आलं असतं तर मी खुर्चीतून उठलो असतो. पण तेव्हा बोटींची टंचाईच अशी होती की जागा दिसेल तिथे माल भरायचा. १४ एप्रिलला दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आमच्या भायखळ्याच्या केंद्रात दरवर्षी १४ एप्रिलला त्यांना मानवंदना देतात. मी दरवेळी जाऊन रस्त्यापलीकडे उभा राहतो.

मी चाळलेल्या जाडजूड पुस्तकांच्या सूचीत मुंबईच्या स्फोटाचा शोध घेतला, तो सहसा सापडत नाही. त्याचं मी वाईट वाटून घेतलं नाही. सगळं जग सांगायचं तर एका गोदीचा स्फोट सुटू शकतो. पण बंगाल सुटलेला मला चालत नाही. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ थांबला. जपानी येतील म्हणून किनारपट्टीच्या बंगालात होड्या जप्त केल्या, ऑक्टोबरात चक्रीवादळ आलं, भाव आकाशाला भिडले. १९४३ मध्ये धान्य पाठवा म्हणून दिल्लीहून लंडनकडे मागणीमागून मागणी गेली आणि पुरेशा बोटी दिल्या गेल्या नाहीत. सुमारे ३० लाख माणसं मेली. हे लढाईच्या बाहेरचं काही नाही, दत्ता. ज्या बोटी आजोबांना आणि त्यांच्या दारूगोळ्याला घेऊन समुद्र ओलांडत होत्या, त्याच बोटींच्या हिशेबातलं हे आहे. एकाच वर्षाचा, एकाच वहीतला हिशेब. लेखकाने बंगालला ‘भारतातली अशांतता’ म्हणून एका वाक्यात बाजूला सारलं असेल तर मी ते पुस्तक परत ठेवतो, मग नकाशे कितीही सुंदर असोत.

छापल्याचं वर्षही बघ. चर्चिलसाहेबांचे सहा खंड फुटपाथवर स्वस्तात मिळतात, भाषा भारदस्त आहे, पण ते १९४८ पासूनच्या काही वर्षांत निघाले. जर्मनांचे सांकेतिक संदेश इंग्रज युद्धभर वाचत होते, ही गोष्ट १९७४ पर्यंत जाहीर सांगायला मनाई होती. लिडेल हार्ट या इंग्रज युद्धइतिहासकाराचा एका खंडाचा इतिहास १९७० चा, त्यालाही ती सांगता आली नाही. म्हणजे अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या अचानक कशा सापडायला लागल्या, याचं निम्मं कारणच त्या पानांवर नाही. रशियाचंही तसंच. युद्धात सोव्हिएत माणसं किती गेली, तर १९४६ मध्ये स्टालिनने सांगितलं ७० लाख, १९६१ मध्ये क्रुश्चेव्हने २ कोटी, आणि १९९० मध्ये आकडा २ कोटी ७० लाखांच्या आसपास गेला. माणसं तेव्हाच गेली होती, मोजायची परवानगी नंतर मिळाली. म्हणून मी तुला १९९० च्या अलीकडचंच पुस्तक घ्यायला सांगेन.

पुस्तक कुठे सुरू होतं, तेही महत्त्वाचं. १ सप्टेंबर १९३९, पोलंड, हे आपण शाळेत शिकलो. पण सोलापूरचे डॉ. कोटणीस इथल्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकून चीनला गेले ते १९३८ मध्ये, कारण जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादलं ते जुलै १९३७ पासून. चीनमधली ती लढाई तोंडी लावण्यापुरती घेणारं पुस्तक हे युरोपच्या युद्धाचं पुस्तक. त्याचं मोल आहे, पण तुला हवं ते ते नाही.

आता नावं. वि. स. वाळिंब्यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ तुझ्याकडे असेलच, नसेल तर माझी प्रत घेऊन जा. मराठीत त्याने आपल्या पिढीला या युद्धाची गोडी लावली, आणि इंग्रजी पुस्तकाला हात घालण्याआधी माणसांची, गावांची नावं कानावर पडावीत म्हणून ते पुन्हा वाच.

गेरहार्ड वाइनबर्गचं ‘अ वर्ल्ड ॲट आर्म्स’, १९९४ चं. हजाराच्या वर पानं, अक्षर बारीक. पण मी मघाशी म्हटलेली मधली दारं याच्याइतकी कुणी उघडली नाहीत. बर्लिनमधल्या निर्णयाने टोकियोत काय हललं, हे तो सांगत राहतो. ‘ऑल हेल लेट लूज’ हे मॅक्स हेस्टिंग्जचं. त्यात शिपायांच्या, बायकांच्या, बंदिवानांच्या पत्रांतून आणि रोजनिशीतून युद्ध बोलतं. वाचायला सोपं. रिचर्ड ओव्हरीचं ‘ब्लड अँड रुइन्स’ २०२१ चं, ते १९३१ मध्ये जपानने चीनच्या मांचुरियावर केलेल्या स्वारीपासून सुरू करतं आणि साम्राज्यांची ही शेवटची मारामारी होती असं मांडतं. विचार म्हणून मला ते सर्वांत पटलं, पण पहिलं पुस्तक म्हणून तुझ्या हातात देणार नाही, कारण घटना आधी माहीत आहेत असं धरून ते बरंच पुढे धावतं.

तू एकच मागितलंस. मग वाइनबर्ग घे. रोज दहा पानं वाच, चार महिन्यांत संपेल. शेजारी शाळेचा जगाचा नकाशा उघडून ठेव. डोळे थकले तर हेस्टिंग्जचं एक प्रकरण वाच आणि परत ये. आणि ते झाल्यावर श्रीनाथ राघवन यांचं ‘इंडियाज वॉर’ वाच, २०१६ चं. युद्धाच्या सुरुवातीला दोन लाखांच्या आसपास असलेली फौज पंचवीस लाखांवर कशी गेली, त्यांना कपडे, बूट, भाकरी कुठून आली, ते सगळं त्यात आहे. तुझे आजोबा त्या पंचवीस लाखांतले. आधी जगाचं वाचून मग हे वाचलंस तर ते त्या गर्दीत नेमके कुठे उभे होते ते तुला दिसेल.

वाइनबर्गची जुनी पण धडधाकट प्रत मला किंग्ज सर्कलला मिळाली. बाइंडिंगवाल्याकडे टाकलीय, पुठ्ठा नवा करून घेतो. गणपतीला येतो तेव्हा घेऊन येईन.

तोवर एक काम तू कर. आजोबांचं डिस्चार्ज सर्टिफिकेट काकूंच्या कपाटात असेल, ते काढ आणि पलटणीचा आकडा बघ. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन असेल तर ते आठव्या डिव्हिजनबरोबर १९४३ मध्येच टारांटोला उतरले असणार. तिसरी असेल तर दहाव्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे १९४४ च्या वसंतात इटलीत आले आणि घाडगे पडले तेव्हा त्याच खोऱ्यात होते. तू दोन वर्षं म्हणतोस, त्यावरून मला पहिली वाटते. पण अंदाज नको, कागद बघ, आणि मला फोन न करता पत्रानेच कळव. आकडा तुझ्या अक्षरात आलेला मला पुस्तकात ठेवायचा आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता