घर विकण्याआधी खांब बघू

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवाच्या धक्क्यानंतर तू फोनवर जे बोललास ते मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. मोठा भूकंप कधीतरी होणार हे सगळे जाणतात, मग तुम्ही तिथे कशाची वाट बघताय, घर विका आणि निघा. बाबा गप्प राहिले. मलाही फोनवर धड उत्तर सुचलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

तुझी काळजी उगाच आहे असं मी म्हणणार नाही. जमिनीखालची ती भेग आपल्या घरापासून लांब नाही. रात्री एखादा जड ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली तरी मी उठून बसते आणि आजीच्या खोलीत डोकावून येते.

खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात, छोटे छोटे धक्के बसताहेत ते बरंच आहे, जमिनीतला दाब थोडा थोडा निघून जातोय. त्यांना बरं वाटावं म्हणून मी मान डोलावते, पण हिशेब तसा बसत नाही. भूकंपाची तीव्रता एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनाने वाढली की हजार पट. म्हणजे ७ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी व्हायला ५ तीव्रतेचे हजारेक धक्के बसावे लागतील. आपल्याकडे बसताहेत ते त्याहून कितीतरी लहान. आणि लहान धक्के बसले म्हणून उद्याच मोठा येतो, असंही नाही. तारीख-वेळ सांगणारे जे निरोप फोनवर फिरतात ते वाचूही नकोस. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगला आधीचे लहान धक्के ओळखून लोकांना घराबाहेर काढलं, हजारो जीव वाचले. सगळ्यांना वाटलं, आता ही विद्या हाती आली. पुढच्याच वर्षी तांगशानला कसलीही सूचना न देता मध्यरात्रीनंतर भूकंप झाला आणि दोन लाखांहून जास्त माणसं गेली. अजूनही दिवस आणि वेळ कुणाला सांगता येत नाही.

म्हणून ‘कधी’ हा प्रश्न मी सोडून दिला आहे. आपलं घर त्या वेळी काय करेल, एवढंच मी विचारते, कारण त्याचं उत्तर आज मिळू शकतं.

किल्लारीचा भूकंप तुझ्या जन्माआधीचा, पण आम्हाला तो कालच्यासारखा आठवतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र होती, माणसं विसर्जन करून नुकतीच झोपली होती. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरी दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली, कारण घरांच्या भिंती दगड-मातीच्या, जाडजूड, आणि वर मातीचं जड धाबं. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हापावसापासून जपलं, तीच अंगावर आली. २०१० सालचंही बघ. जानेवारीत हैतीला ७.० चा भूकंप झाला आणि लाखाहून जास्त बळी गेले. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ चा झाला, ऊर्जेने सुमारे पाचशे पट मोठा, त्सुनामीही आली, तरी मृत्यू सव्वापाचशेच्या आसपास. मोठं अंतर बांधकामात होतं. चिलीने बांधकामाचे नियम केले होते आणि ते पाळले होते.

आपल्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र अहमदाबादचं आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं केंद्र भुजजवळ, तिथून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब. तरी अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच अशा होत्या की खाली मोकळं पार्किंग, नुसते खांब, आणि वर भिंतींनी भरलेले मजले. वरचा भाग ताठ, खालचा लवचीक. जमीन हलली की सगळा ताण त्या खांबांवर येतो आणि तेच आधी मोडतात. आपल्या इमारतीच्या खाली काय आहे, ते तुला ठाऊक आहे. तिथेच तू सायकल शिकलास.

म्हणून मी आणि बाबांनी मागे लागून स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं. इंजिनिअर मुलगी तुझ्याच वयाची. तिने कोपऱ्यातल्या एका खांबाचं प्लास्टर फोडलं आणि मला जवळ बोलावलं. उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा दाखवल्या. त्यांची टोकं काटकोनात वाकवून सोडली होती. ती १३५ अंशात आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात जायला हवीत, नाहीतर जोराचा हिसका बसला की बाहेरचं काँक्रीट गळतं, रिंग उघडते आणि सळ्या बाहेरच्या बाजूला वाकतात. शिवाय खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगा जवळजवळ हव्यात, आपल्याकडे त्या सगळीकडे सारख्याच अंतरावर. मी त्या उघड्या सळीला हात लावून बघितला. बोटांना गंज लागला. इतकी वर्षं आपण सगळे याच खांबांवर निर्धास्त झोपत आलो!

उपाय आहे, आणि तो आवाक्यातला आहे. खांबांना जॅकेटिंग करायचं, म्हणजे भोवतीने नव्या सळ्या आणि काँक्रीटचं आवरण चढवायचं, आणि पार्किंगमध्ये ठरावीक जागी खांबांच्या मध्ये काँक्रीटच्या भिंती घालायच्या. तीन-चार गाड्यांची जागा जाईल. सोसायटीच्या सभेत भांडण झालं ते यावरूनच. एकजण म्हणाले, अहवाल बाहेर फुटला तर फ्लॅटचे भाव पडतील. मला इतका संताप आला की मी उभी राहिले आणि म्हटलं, भाव पडण्याची चिंता करता, मग इमारत पडण्याची कोण करणार? सभा संपल्यावर दोन बायका जवळ येऊन म्हणाल्या, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. पुढच्या सभेत मतदान आहे.

आता तुझ्या ‘विकून टाका’बद्दल. विकायचं कुणाला रे? आपण गेल्यावर या घरात दुसरं कुणीतरी येणार. त्यांच्याही घरी एखादी आजी असेल, लहान मूल असेल. अहवाल दडवून त्यांना त्या खांबांवर झोपवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही आणि बाबांच्याही नाही. मतदानात दुरुस्तीला नकार आला तर मात्र आम्ही हट्ट धरून बसणार नाही. आजीला घेऊन दुसरीकडे भाड्याने राहू, आणि घर विकायची वेळ आलीच तर अहवाल समोर ठेवूनच विकू. एवढं आमचं ठरलं आहे, म्हणून तू रात्र रात्र जागू नकोस.

घरात जे करता येण्यासारखं होतं ते केलंय. लोखंडी कपाट पट्ट्या लावून भिंतीला आवळलं. माळ्यावरची जड भांडी खाली उतरवली. आजीचा पलंग खिडकीपासून आणि कपाटापासून लांब सरकवला. तिचे गुडघे बघता तिला टेबलाखाली जाणं शक्य नाही, म्हणून तिला शिकवलंय की पलंगावरच राहायचं आणि उशी डोक्यावर घट्ट धरायची. रोज झोपताना ती एकदा करून दाखवते. आम्ही दोघं टेबलाखाली. हादरे थांबेपर्यंत जिन्याकडे धावायचं नाही, लिफ्टला हात लावायचा नाही. उशाशी चपला आणि बॅटरी ठेवली आहे, कारण अंधारात फुटलेल्या काचांवरून चालताना आधी पाय कापतात.

बाबांच्या फोनमध्ये तू इशारा देणारं ते अॅप टाकलंस, ते राहू दे, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. जमिनीतून पहिली लाट सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने येते, जोरात हलवणारी दुसरी सुमारे साडेतीनच्या वेगाने. केंद्र लांब असेल तर मधे वेळ मिळतो. भेग घराजवळ असली की दोन-तीन सेकंदच, आणि तेवढ्यात फोन वाजेलच असं नाही. म्हणून पहिला हिसका हाच इशारा समजायचा.

आणि एक ठरवून ठेवू. मोठा धक्का बसला तर आम्हाला फोन लावत बसू नकोस, लाइन जाम असतील. आम्ही मावशीला मेसेज करू, तूही तिलाच कर. ती इतकी लांब राहते की तिच्याकडे सगळं चालू असेल. आमचा निरोप यायला वेळ लागला म्हणून गाडी काढून रस्त्यावर निघू नकोस. पूल, दरडी, नंतरचे धक्के, यांत तू अडकलास तर आम्ही काय करायचं?

तू इतकं आमचं विचारतोस, पण तुझ्या भाड्याच्या इमारतीबद्दल एक शब्द बोलला नाहीस. रविवारी खाली उतरून पार्किंगचे आणि खांबांचे फोटो काढ, भेगा असतील तर जवळून काढ, आणि मला पाठव. तुझ्या पलंगावरच्या त्या पुस्तकांच्या फळीचाही एक काढ. इंजिनिअर मुलगी शनिवारी पुन्हा येणार होती, तिला मी सोमवारवर ढकललं आहे, म्हणजे तुझे फोटो तिला दाखवता येतील.

तुझी,
आई