ओला-सुका फलकांना अकारविल्हे यादीची जोड हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाणसामानाची यादी करताना आपण डाळी एकत्र, कडधान्ये एकत्र आणि साबण-काडेपेट्या शेवटी लिहितो, कारण ती यादी दुकानदाराच्या हाती जायची असते आणि त्याला त्याच क्रमाने माल काढणे सोयीचे पडते. यादी वापरणाऱ्याचा हा विचार पुण्यातील सोसायट्यांच्या दारावरील ओल्या-सुक्या कचऱ्याच्या फलकांत मात्र आढळत नाही. फळांच्या साली, भाजीची देठे, वर्तमानपत्रे अशी ज्यांच्याविषयी कोणालाच शंका नसते, तीच नावे तेथे असतात. नारळाची करवंटी, चहाचा कागदी कप, मुदत संपलेल्या गोळ्या, फुटलेली बरणी, केसांचे गुंतवळ यांविषयी चकार शब्द नसतो.

वर्गीकरण फसले की रहिवाशांच्या आळसाकडे बोट दाखवले जाते. आळस आहेच, परंतु एकाच वस्तूला तीन वेगवेगळे निकष लावले जातात, हे त्याहून मोठे कारण आहे. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचऱ्याचे जैवविघटनशील, अजैवविघटनशील आणि घरगुती घातक असे तीन भाग केले, म्हणजे वस्तू कुजते की नाही हे पाहिले. स्वयंपाकघरात ती हाताला ओली लागते की कोरडी, एवढेच पाहिले जाते. कचरावेचक ताईंना मात्र तिचे पुढे काय होणार, हे पाहावे लागते. करवंटी कुजणारी खरी, पण सोसायटीच्या खतखड्ड्यात ती महिनोन्महिने तशीच राहते. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असल्याने तो धड रद्दीत जात नाही आणि धड खतातही नाही.

या शहरात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेसोबत घरोघरी कचरा गोळा करते. आपण ज्याला सरसकट ‘प्लास्टिक’ म्हणतो, त्यातील पाण्याची बाटली, तिचे झाकण आणि दुधाची पिशवी या स्त्रिया वेगवेगळी काढतात, कारण भंगाराच्या दुकानात त्यांचे भाव वेगळे असतात. पांढरा कागद, वर्तमानपत्र आणि पुठ्ठा यांचेही तसेच. वर्गवारीचे इतके बारीक ज्ञान रोज आपल्या दाराशी येत असताना फलक लिहिताना ते कोणीच विचारात घेऊ नये, याचे नवल वाटते.

अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये ग्रंथालयांसाठी दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला विषयांची अकारविल्हे सूची जोडली होती. वर्गांची रचना ठाऊक नसलेल्यालाही नेमकी जागा सापडावी, हा तिचा उपयोग. महापालिकेनेही घरोघरी निघणाऱ्या वस्तूंची अशी मराठी यादी कचरावेचकांना सोबत घेऊन तयार करावी, ती क्षेत्रीय कार्यालयांतून वाटावी आणि भंगारवाले एखादी वस्तू घेईनासे झाले की त्याप्रमाणे तिच्यात दुरुस्ती करावी. तिच्यात ‘इतर’ असा रकाना मात्र नसावा. शंकेची प्रत्येक वस्तू तेथेच जाऊन पडेल.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे