संचावाल्या काकांना

काका, शि. सा. नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या वाड्यात मे महिन्याची सुट्टी खरी सुरू व्हायची ती तुमचा हातानं फिरवायचा आइस्क्रीमचा संचा माळ्यावरून उतरला की. तो सगळ्यांसाठी चौकात मांडलात याचे आभार आहेतच, पण त्याहून जास्त आभार प्रत्येक गोष्टीचं ‘का’ सांगितल्याबद्दल. ‘सांगतो तसं कर’ म्हणणारी मोठी माणसं वाड्यात भरपूर होती.

लाकडी बादलीत आदल्या रात्री पाणी भरून ठेवायचं. वर्षभर सुकलेल्या फळ्यांना फटी पडतात, भिजून फुगल्या की गळती थांबते. दोन लिटर म्हशीचं दूध आटवून दीड लिटर, त्यात पाव किलो साखर. चाखताना जरा जास्तच गोड लागायला हवं, कारण गारठ्यात गोडी दबते. खंडेराव मार्केटातल्या केसर आंब्याचा अर्धा किलो घट्ट रस दूध पूर्ण गार झाल्यावरच. गरम दुधात आंबट रस पडला तर ते फाटतं. बादलीत बसणारा मिश्रणाचा डबा दोन तृतीयांशच भरायचा. आतला ढवळायचा पंखा फिरताना हवा शिरून मिश्रण फुगतं.

मग बर्फ. लादी गोणपाटात गुंडाळून सुपारीएवढे तुकडे करायचे, मोठे राहिले तर डब्याभोवती पोकळ्या राहतात. चार किलो बर्फाला एक किलो जाडं मीठ, थराथरानं. साखरेचं दूध शून्य अंशाला गोठत नाही, आणि नुसता वितळता बर्फ शून्याखाली जात नाही. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातून ओढतो. हात सैल सोडून मीठ टाकलं तर दूध कडेलाच दगड होतं नि हँडल अडतं. कमी टाकलं तर अर्धा तास फिरवूनही मिल्कशेकच.

घोळ व्हायचा तो मात्र बादलीच्या कडेच्या भोकाशी. ते बर्फानं बुजलं की खारं पाणी झाकणापर्यंत चढतं आणि अख्खा डबा खारट. म्हणून एका पोराला नुसती काडी देऊन तिथे बसवायचात. इतकी कंटाळवाणी ड्यूटी दुसरी नसेल.

हँडल आधी लहानांकडे, जड झालं की मोठ्यांकडे, आणि संचा हलू नये म्हणून वर घडीच्या पोत्यावर एकजण बसलेला. मध्ये थांबायचं नाही. ढवळणं थांबलं की बर्फाचे कण मोठे होतात. फ्रीजरमधलं घरगुती आइस्क्रीम दाताखाली करकरतं ते त्यामुळेच. हँडल फिरेनासं झालं की झाकण पुसून मगच उघडायचं, पंखा काढायचा, झाकणाच्या भोकाला बूच, नवा बर्फ-मीठ, आणि गोणपाटाखाली तासभर मुरवण. उरलेलं खारं पाणी मोरीतच, तुळशीकडे चुकूनही नाही. दातेरी चाकं साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, तेलाचा थेंब. नाहीतर पुढच्या मेपर्यंत गंज.

पंखा चाटायचा पहिला मान तुम्ही कायम काडीवाल्या पोराला दिलात. त्या न्यायाबद्दल वेगळे आभार.

आपली,
वाड्यातली पोरं