लेन्सच्या आधी हवा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

लडाखचं नक्की झालं हे वाचून फार आनंद झाला. पक्ष्यांसाठी चारशे मिलिमीटरची लेन्स घेऊ की सहाशेची, असं विचारलंयस. सहाशेची भाड्याने घे. पण त्याआधी तिथल्या हवेबद्दल थोडं ऐक.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. विमानाने थेट उतरलीस की पहिले दोन दिवस कॅमेरा बॅगेतच राहू दे. झोप, पाणी पी, उगाच चढउतार करू नकोस. त्सो मोरिरी साडेचार हजार मीटरच्या वर. डोकं ठणकत असेल तर पुढे जायचं नाही. यावर वाद घालू नकोस, बाळा.

चीता हेलिकॉप्टर घेऊन त्या डोंगरांत आम्ही शक्यतो सकाळी लवकर निघायचो. गार हवा दाट असते, रोटरला उचल चांगली मिळते. ऊन चढलं की ती विरळ होते आणि खिंडींतून वारा सुटतो. तुला तिथे पट्टकादंब दिसतील, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. हिमालय ओलांडताना तेही बहुधा रात्री नाहीतर पहाटे उडतात, हे ट्रान्समीटर लावून केलेल्या अभ्यासातून कळलंय. हे वाचलं त्या दिवशी मी तुझ्या आईला तीनदा सांगितलं! आम्ही ऑक्सिजन लावून जायचो त्या उंचीवरून हा पक्षी नुसत्या पंखांच्या बळावर जातो. त्याचं हिमोग्लोबिनच वेगळं, विरळ हवेतलाही प्राणवायू पकडून ठेवणारं.

हिवाळ्यात याच जातीचे थवे आपल्या भिगवणला, उजनीच्या पाण्यावर उतरतात. यंदा नावेतून त्यांचं उतरणं मनसोक्त टिपलं. पाय पुढे, शेपूट पसरलेली, आणि पंखाच्या पुढच्या कडेला अंगठ्याजवळचं इवलंसं पीस उभं राहिलेलं. कमी वेगातही उचल टिकवायला विमानाच्या पंखावरचा स्लॅट, म्हणजे पुढच्या कडेची सरकती पट्टी, हेच काम करतो. विमानासारखाच पक्षीही वाऱ्याला तोंड देऊन उतरतो, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी घेऊन बस. तो आपसूक तुझ्याकडे येईल. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापेक्षा मंद नको.

तिथे दुपारी लांबचे फोटो काढू नकोस. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, मग कितीही महाग लेन्स असो, फोटो मऊ, म्हणजे धूसरच येतो. पोलरायझर, म्हणजे लेन्सवरची चकाकी कमी करणारी काच, तीही काढून ठेव, आकाश काळं पडतं. जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

जूनमध्ये घरटी असतात. काळ्या मानेच्या क्रौंचांच्या अंड्यांना मोकाट कुत्र्यांचा त्रास आहेच, त्यात आपली भर नको. पक्षी मान ताठ करून तुझ्याकडे बघायला लागला की तिथेच थांब आणि मागे सर. गाडीवाला आणखी जवळ नेतो म्हणाला तरी नाही म्हण. अंड्यांवरून पक्षी उठवून काढलेला फोटो मला पाठवू नकोस, मी तो बघणार नाही.

लेहला पोचलीस की फोन कर. आई वाट बघेल.

तुझा,
बाबा